बंदुकीच्या बोअरची कुळकथा

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंग्लंडातील नामांकित बंदूक-कारखानदारांवर एक विलक्षण प्रसंग गुदरला. हत्ती, गवा, गेंडा अशा प्रचंड श्वापदांच्या शिकारीसाठी घडविलेली .४५० बोअरची दुनळी रायफल हे त्या काळी त्यांच्या कारागिरीचे शिखर समजले जाई, आणि १८९८ साली जॉन रिग्बी यांच्या पेढीने .४५० नायट्रो एक्स्प्रेस हे बिनधुराच्या दारूचे काडतूस प्रचारात आणल्यापासून हिंदुस्थानातील लाटसाहेब, लष्करी अंमलदार आणि संस्थानिक यांच्याकडून या रायफलींना सारखी मागणी येत होती. व्यापार असा ऐन भरात आला असताना ब्रिटिश सरकारने हिंदुस्थान आणि सुदान या दोन मुलखांत .४५० बोअरच्या मालाची आयात बंद करण्याचा हुकूम काढला. पेढ्यांनी तक्रारी करण्यात काळ दवडला नाही. १९०७ च्या आगेमागे हॉलंड अँड हॉलंड यांनी .५००/.४६५, जोसेफ लँग यांनी .४७०, जेफ्री यांनी .४७५ नंबर दोन आणि वेस्टली रिचर्ड्स यांनी .४७६ अशी नवी काडतुसे बाजारात आणली. श्वापद तेच राहिले, शिकारी तेच राहिले, गोळीचा मारही जवळजवळ तोच राहिला. बदलला तो केवळ आकडा, आणि तेवढ्याने कायद्याचे समाधान झाले.

एखाद्या बलाढ्य साम्राज्याने एका आकड्याला का भ्यावे, आणि इंचाच्या तिसाव्या भागाहूनही कमी फरक केल्याने ते भय का नाहीसे व्हावे, या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले म्हणजे बंदुकीच्या बोअरचा साराच इतिहास उलगडू लागतो. .३०३, .३१५, १२ बोअर, ७.६२, नऊ एम.एम. हे आकडे आपण वर्तमानपत्रांत, पंचनाम्यांत आणि परवान्यांवर नित्य वाचतो, आणि ते एकाच पट्टीने घेतलेल्या मापांचे आकडे असावेत असे गृहीत धरतो. वस्तुस्थिती तशी नाही. यांतील काही आकडे वजनातून आले, काही इंचांतून, काही मिलिमीटरांतून, आणि कित्येक तर ज्या वस्तूचे माप म्हणून ते सांगितले जातात तिच्याशी आज जुळतही नाहीत. माझ्या मते बोअरचा आकडा ही मापाची नोंद असते तितकीच ती एका निर्णयाचीही नोंद असते. कोणत्या सत्तेने, कोणत्या काळी, कोणाच्या हाती कसले शस्त्र द्यावयाचे अथवा द्यावयाचे नाही असे ठरविले, याची खूण त्या आकड्यात राहून गेलेली असते. हिंदुस्थानच्या बाबतीत तर ही गोष्ट विशेषच खरी आहे.

नळीला नाव देण्याची आद्य रीत वजनाची होती. लोहार जेव्हा तापलेली पट्टी लोखंडी गजाभोवती गुंडाळून हातोड्याने नळी घडवीत असे, आणि एकाच भट्टीतून निघालेल्या दोन नळ्यांचे पोट सारखे निघणे हा सुयोग समजला जाई, त्या काळी इंचाचे सहस्रांश मोजणारी उपकरणे कारागिरांजवळ नव्हती. तराजू मात्र प्रत्येक दुकानात होता, आणि शिसे वजनावरच विकत मिळे. सबब कारागिरांनी व्यवहाराला सोयीची अशी परिभाषा ठरविली की, एक पौंड शिशाच्या जितक्या सारख्या वजनाच्या गोळ्या ओतल्या असता त्यांतील प्रत्येक गोळी नळीत नेमकी बसेल, तितका त्या नळीचा बोअर म्हणावा. तोफांना सहा पौंडी, बारा पौंडी अशी नावे गोळ्याच्या वजनावरून पडली होती. बंदुकीची गोळी पौंडाच्या मानाने लहान असल्यामुळे तेथे हिशेब उलटा धरला गेला, इतकाच काय तो फरक.

पौंडाचे सात हजार ग्रेन होतात आणि ब्रिटिश अमदानीतील प्रमाण तोळा १८० ग्रेनांचा होता. या हिशेबाने बारा बोअरची पूर्ण गोळी सुमारे ५८३ ग्रेनांची, म्हणजे सव्वातीन तोळ्यांची भरते, आणि तिचा व्यास ०.७२९ इंच येतो. दहा बोअरची नळी ०.७७५ इंचाची, सोळा बोअरची ०.६६२ ची आणि वीस बोअरची ०.६१५ ची. आकडा चढत गेला की नळी अरुंद होत जाते, याचे नवख्या माणसाला जे आश्चर्य वाटते त्याचे निरसन एवढ्या हिशेबाने होते. त्यातही हे अरुंद होणे आकड्याच्या प्रमाणात होत नाही, कारण गोळीचे वजन तिच्या व्यासाच्या घनाप्रमाणे बदलते. बारा बोअरच्या निम्म्या व्यासाची नळी हवी असेल तर चोवीस बोअर घेऊन भागत नाही, एका पौंडात शहाण्णव गोळ्या बसवाव्या लागतात. लंडनच्या बंदूक-कारागिरांच्या संघाला १६३७ साली राजाची सनद मिळाली, बर्मिंगहॅमचे परीक्षागृह १८१३ साली उभे राहिले, आणि या दोन ठिकाणी प्रत्येक नळीत वाजवीपेक्षा अधिक दारू ठासून ती फुटते की टिकते हे पाहिल्यावरच तिच्यावर शिक्का उठविला जाऊ लागला. पुढे १८६८ च्या कायद्याने प्रत्येक बोअरचा व्यास इंचांत किती धरावा याचे कोष्टकच निश्चित केले. तराजूतून जन्मलेला आकडा अशा रीतीने पट्टीच्या ताब्यात गेला, तरी त्याचे जुने नाव कायम राहिले. आजही छर्ऱ्याच्या बंदुकीचा परवाना घेणारा शेतकरी बारा बोअर म्हणतो तेव्हा तो त्या जुन्या पौंडाचाच बारावा हिस्सा उच्चारीत असतो. या कुटुंबात .४१० ही एकच बंदूक परकी आहे. वजनाने तिचे नाव सुमारे ६७ बोअर व्हावयास हवे होते, परंतु ती प्रचारात आली तेव्हा इंचाचा अंमल सुरू झाला होता, म्हणून तिच्या नावात सरळ ०.४१ इंचच उतरले.

इंचाचा हा अंमल लष्करातून आला. छर्ऱ्याच्या गुळगुळीत नळीत गोळी थोडी सैल असली तरी चालते. परंतु ज्या नळीच्या आत पेच कोरलेले असतात, आणि ते पेच गोळीला फिरकी देऊन तिची दिशा राखतात, त्या रायफलीत गोळी व नळी यांच्यातील केसभर अंतरालाही मोल येते. १८५३ साली ब्रिटिश फौजेने स्वीकारलेल्या एन्फील्ड रायफलीची नळी ०.५७७ इंचाची होती, आणि तिच्यासाठी केलेली प्रिचेट यांची गोळी ०.५६८ इंचाची. हा नऊ सहस्रांशांचा फरक मोठ्या विचारपूर्वक ठेवलेला होता. गोळी तोंडाकडून गजाने सहज खाली उतरावी, आणि दारू पेटताच तिचे मऊ शिसे फुगून पेचांत घट्ट बसावे, अशी त्यामागील युक्ती होती. दारूची मोजकी पूड आणि ही गोळी एका कागदी सुरळीत बांधून, गोळीकडील टोकाला चरबी फासून जो जिन्नस शिपायाच्या हाती दिला जाई, तेच त्या वेळचे काडतूस; त्याचे टोक दातांनी फाडून दारू नळीत ओतावी लागे. जानेवारी १८५७ मध्ये डमडम येथून या चरबीची वार्ता छावणीछावणीतून पसरली, आणि पुढे जे घडले ते सर्वश्रुत आहे. .५७७ हा आकडा आपल्या इतिहासात प्रथम आला तो असा, दाताखाली.

उठाव मोडल्यानंतर विजेत्यांनी जे अनेक बंदोबस्त केले त्यांतील एक बंदोबस्त नळीच्या पोटात केलेला असल्यामुळे तो फारसा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. हिंदी पलटणींसाठी १८५८ च्या नमुन्याची एक बंदूक तयार करविण्यात आली. ती बाहेरून पाहिली असता एन्फील्डच. लांबी तीच, दस्ता तोच, घोडा तोच. परंतु तिच्या नळीत पेच नव्हते, आणि बोअर ०.६५६ इंच होता. पेच नाहीत म्हणजे फिरकी नाही, आणि फिरकी नाही म्हणजे शेदोनशे पावलांपलीकडे नेम नाही. गोऱ्या सोजिराच्या हातातील .५७७ आणि हिंदी शिपायाच्या हातातील .६५६ या दोन आकड्यांमधील अंतर इंचाच्या बाराव्या भागाहूनही कमी होते. पण राज्यकर्त्यांच्या मनात उत्पन्न झालेला अविश्वास त्या अंतरात तंतोतंत मोजता येतो. त्यानंतर कित्येक वर्षे हिंदी पलटणींना गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी मागचे हत्यार द्यावयाचे हा शिरस्ताच पडून गेला.

१८६६ मध्ये जेकब स्नायडर या अमेरिकन गृहस्थाच्या योजनेप्रमाणे जुन्या एन्फील्डचे बूड कापून तेथे बिजागरीचा ठोकळा बसविण्यात आला, आणि बंदूक तोंडाकडून भरण्याऐवजी मागून भरता येऊ लागली. तिच्यासाठी वुलिचच्या शाही प्रयोगशाळेतील कर्नल बॉक्सर यांनी पितळेच्या पातळ पत्र्याची गुंडाळी करून, बुडाशी लोखंडी चकती आणि चकतीच्या मध्यभागी स्फोटक टोपी बसवून नव्या धर्तीचे काडतूस सिद्ध केले. गोळी, दारू व ठिणगी या तीन वस्तू एका पुंगळीत एकत्र आल्या. याचा नामकरणावर जो परिणाम झाला तो फार दूरगामी आहे. पूर्वी बोअर हे नळीचे नाव होते, आणि त्या नळीत बसेल अशी कोणतीही गोळी साच्यात ओतून मारता येत असे. आता ते काडतुसाचे नाव झाले. पुंगळीची लांबी, तिचा घेर, बुडाची कड आणि खांद्याचा उतार ही सर्व जुळली तरच बंदूक ते काडतूस स्वीकारणार, अन्यथा नाही. सबब निव्वळ व्यासाच्या आकड्याने ओळख पटेनाशी झाली, आणि नावाला शेपट्या फुटू लागल्या.

याचे पहिले ठळक उदाहरण म्हणजे १८७१ साली स्वीकारलेली मार्टिनी-हेन्री. स्विस अभियंता फ्रीडरिक फॉन मार्टिनी यांची बुडाची रचना आणि एडिंबऱ्याचे अलेक्झांडर हेन्री यांचे पेच यांच्या संयोगातून झालेल्या या रायफलीचा बोअर .४५० होता. इतक्या अरुंद नळीला पुरेशी दारू सरळ पुंगळीत भरावी तर काडतूस अतोनात लांब होई, म्हणून स्नायडरच्या .५७७ पुंगळीचा घेर बुडाशी कायम ठेवून तिचा गळा .४५० पर्यंत आवळण्यात आला. या बाटलीच्या घाटाच्या काडतुसाला .५७७/.४५० असे दुहेरी नाव मिळाले, आणि त्यातून इंग्रजी पेढ्यांचा नियमच पडला की आधी मूळ पुंगळीचे कूळ सांगावे आणि मागाहून गोळीचा आकडा सांगावा. हे काडतूस हातात घेतले तर त्याचा भारदस्तपणा लगेच जाणवतो. पुढच्या टोकाला कागदात गुंडाळलेली ४८० ग्रेनांची, म्हणजे पावणेतीन तोळ्यांना किंचित कमी अशी शिशाची गोळी; मागे ८५ ग्रेन काळी दारू; आणि पितळी पत्र्याच्या गुंडाळीची ती जाड, खांदे उतरलेली पुंगळी, जी सुदानच्या उन्हात व रेतीत नळीला चिकटून बसे आणि ऐन झुंजीत शिपायाचा घात करी. पुढे ती एकसंध पितळेची ओढून करू लागले.

एका सरकारने दोन दर्जांची शस्त्रे वाटल्याचा परिणाम रणांगणावर कसा दिसतो, हे २७ जुलै १८८० रोजी कंदाहारजवळ मैवंदच्या मैदानात दिसून आले. जनरल बरोज यांच्या हाताखालील सुमारे अडीच हजारांच्या त्या फौजेत ६६ व्या गोऱ्या पलटणीजवळ मार्टिनी-हेन्री होत्या, तर मुंबई लष्कराच्या दोन पायदळ पलटणींजवळ, म्हणजे पहिल्या ग्रेनेडियर्सजवळ आणि जेकब्ज रायफल्सजवळ, स्नायडर होत्या. एकाच रांगेत उभ्या असलेल्या शिपायांची काडतुसे परस्परांच्या उपयोगाची नव्हती. अफगाण सेनानी अयुबखानाच्या प्रचंड सैन्यापुढे ती फौज उधळली, हजाराच्या आसपास माणसे पडली, आणि त्यांच्याबरोबर मोठ्या संख्येने मार्टिनी-हेन्री रायफली अफगाणांच्या हाती गेल्या. त्यापुढील वीस-पंचवीस वर्षांत चकमकींतील लूट, छावण्यांतील चोऱ्या आणि इराणच्या आखातातून चाललेला चोरटा व्यापार यांच्यामुळे सरहद्दीवरील टोळ्यांत या रायफलींचा सुकाळ झाला. कोहाटच्या खिंडीतील लोहार तर कानस आणि ऐरण यांच्या बळावर त्यांच्या हुबेहूब नकला करू लागले.

रायफली झाल्या, पण काडतुसे कोठून आणावयाची? मार्टिनीची पुंगळी पुन्हा भरता येत असे, तथापि तिला .४५० ची गोळी आणि दारू हवी. आता कलकत्त्याच्या अथवा मुंबईच्या दुकानात शिकारीसाठी म्हणून उघडपणे विकल्या जाणाऱ्या .४५० च्या काडतुसातून गोळी उपसून ती जुन्या पुंगळीत बसविण्यास कोणाची आडकाठी होती? हेच भय सरकारला पडले, आणि म्हणून त्याने मनाई केली ती विशिष्ट रायफलीला न करता .४५० या आकड्याला केली. कारखानदारांनी गोळी काही सहस्रांशांनी जाड करताच ती मार्टिनीच्या नळीत जाईनाशी झाली आणि सरकारचा हेतू सिद्धीस गेला. यातही एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. .४५०/.४०० हे काडतूस नावात .४५० वागवीत असूनही हिंदुस्थानात पुढेही खपत राहिले, आणि जिम कॉर्बेट यांच्यासारख्या शिकाऱ्याने जेफ्रीच्या पेढीची या बोअरची दुनळी वापरली; कारण त्यातील पहिला आकडा पुंगळीच्या कुळाचा होता, आणि गोळी .४०० ची असल्यामुळे मार्टिनीला निरुपयोगी होती. दुहेरी नावाचा कोणता भाग कशाचे माप सांगतो हे ज्याला ठाऊक नाही, त्याला हा कायदा वाचताच आला नसता.

बाजारात आलेल्या नव्या नावांवरही अक्षरशः विश्वास ठेवण्याची सोय नव्हती. .४७० ची गोळी प्रत्यक्षात ०.४७५ इंचाची, आणि .४७५ नंबर दोनची तर ०.४८ इंचाहून जाड. हा अप्रामाणिकपणा नव्हे. पेच कोरलेल्या नळीला दोन व्यास असतात. एक, दोन समोरासमोरच्या उंचवट्यांमधला, आणि दुसरा, दोन समोरासमोरच्या खाचांच्या तळांमधला. गोळी खाचांच्या तळापर्यंत भरून बसावी लागत असल्यामुळे ती पहिल्या व्यासापेक्षा नेहमीच जाड असते. एखाद्या पेढीने नाव पहिल्या मापावरून द्यावे, दुसरीने दुसऱ्यावरून द्यावे, आणि तिसरीने शेजारच्या पेढीपेक्षा आपला जिन्नस वेगळा ओळखू यावा एवढ्यासाठी मधलाच एखादा आकडा पसंत करावा, असे चालले होते.

.३०३ ची कथा या दोन व्यासांवाचून समजणार नाही. १८८६ साली फ्रान्सने पॉल व्हिएल यांनी शोधलेल्या बिनधुराच्या दारूवर चालणारी आठ मिलिमीटरची लेबेल रायफल काढली, आणि युरोपातील प्रत्येक राष्ट्राचे शस्त्रागार एका रात्रीत जुने झाले. इंग्लंडने १८८८ साली ली-मेटफर्ड स्वीकारली. तिच्या उंचवट्यांमधील अंतर ०.३०३ इंच होते, म्हणून काडतूस .३०३ चे म्हटले गेले. गोळी मात्र ०.३११ इंचाची. आरंभीच्या या गोळीचे वजन २१५ ग्रेन होते, म्हणजे मार्टिनीच्या गोळीच्या निम्म्याहूनही कमी. इतकी बारीक व कवचबंद गोळी माणसाच्या अंगातून सरळ पार होते आणि त्याला जागच्या जागी थांबवीत नाही, अशी तक्रार १८९५ च्या चित्राळ मोहिमेनंतर सरहद्दीवरून येऊ लागली, तेव्हा डमडमच्या कारखान्याचे कॅप्टन बर्टी-क्ले यांनी गोळीच्या अग्रावरील कवच काढून आतील शिसे उघडे ठेवले. ती गोळी शरीरात पसरून भयंकर जखमा करी. १८९९ च्या हेग परिषदेने अशा गोळ्यांचा निषेध केला, आणि बंगालमधील एका छावणीचे नाव आंतरराष्ट्रीय कायद्याच्या चर्चेत कायमचे रुजले. बोअरचा आकडा गोळीबद्दल किती थोडे सांगतो, याचे याहून गंभीर उदाहरण मिळणार नाही. कारण डमडमची गोळी आणि साधी गोळी या दोन्ही .३०३ च होत्या.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी प्रत्यक्ष संबंध येतो तो खडकी येथे. ज्या खडकीच्या माळावर ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशव्यांच्या फौजेचा पराभव झाला, तेथेच १८६९ साली इंग्रजांनी दारूगोळ्याचा कारखाना उभारला, आणि दोन महायुद्धांत त्या कारखान्यातून .३०३ ची अगणित काडतुसे बाहेर पडली. अशा एखाद्या रिकाम्या पुंगळीचे बूड उजेडात धरून पाहावे. मध्यभागी टोपी, तिच्यावर घोड्याच्या टाचणीचा खळगा, आणि भोवती गोलाकार उठविलेली 'के' व 'एफ' ही रोमन अक्षरे, सरकारी मालाचा बाण, सालाचे दोन अंक, आणि गोळीच्या जातीचा रोमन आकडा. बोअर तेथे लिहिलेलाच नसतो. लष्कराला तो लिहिण्याची गरज नव्हती. सगळ्या साम्राज्यात शिपायाच्या रायफलीचे काडतूस एकच होते.

युरोप खंडात मात्र याच सुमारास अधिक शास्त्रशुद्ध पद्धत रूढ होत होती. तेथे नळीचा व्यास आणि पुंगळीची लांबी ही दोन्ही मिलिमीटरांत लिहीत, आणि पुंगळीच्या बुडाला बाहेर निघालेली कड असेल तर पुढे 'आर' हे अक्षर जोडीत. ७×५७ म्हणजे सात मिलिमीटरची नळी आणि सत्तावन्न मिलिमीटरची पुंगळी; वाचणाऱ्याला आणखी काही विचारावे लागत नाही. परंतु इंग्रज शिकाऱ्यांना जर्मन मिलिमीटर रुचले नाहीत. माउझरचे हेच ७×५७ काडतूस रिग्बी यांनी .२७५ या नावाने विकले, कारण सात मिलिमीटर म्हणजे ०.२७५ इंच. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीचा १९०७ साली निकाल लावल्याबद्दल कॉर्बेट यांना जी रायफल नजर करण्यात आली ती याच बोअरची. अटलांटिकपलीकडे अमेरिकेत तर आकड्यांत काहीही येऊ लागले. .४५-७० यात सत्तर ग्रेन काळी दारू आहे; .३०-३० यात तीस ग्रेन बिनधुराची दारू आहे, आणि .३०-०६ यातील सहा हे १९०६ हे साल आहे. .३८ स्पेशल रिव्हॉल्व्हरची गोळी ०.३५७ इंचाची असते, कारण मूळच्या काडतुसात गोळी पुंगळीइतकीच जाड असे. पुढे ती पुंगळीच्या आत बसविली तेव्हा बारीक झाली, पण नाव जुनेच राहिले. रशियाच्या १८९१ च्या मोझिन रायफलीला तेथील लोक तीन रेषांची रायफल म्हणत, कारण रेषा म्हणजे इंचाचा दहावा हिस्सा. त्याच तीन दशांश इंचांचे मिलिमीटर केले म्हणजे ७.६२ येतात. जगातील बातम्यांत आज रोज उच्चारला जाणारा ७.६२ हा आकडा असा इंचातूनच जन्मलेला आहे. तथापि नाटो राष्ट्रांचे ७.६२×५१, मोझिनचे ७.६२×५४ आर आणि कलाश्निकोव्हचे ७.६२×३९ ही तीन काडतुसे परस्परांच्या बंदुकीत चालत नाहीत.

आता पुन्हा हिंदुस्थानकडे वळावे. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने हिंदी रयतेला परवान्यावाचून शस्त्र बाळगण्याची बंदी केली आणि युरोपियनांना तीतून वगळले. राष्ट्रसभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच या कायद्याविरुद्ध ठराव केला, तो या अपमानाची जाणीव किती तीव्र होती याचा पुरावा आहे. ज्याला परवाना मिळे त्यालाही लष्करी .३०३ मिळत नसे, कारण .४५० च्या वेळचेच भय येथेही होते. मग परवानेदाराला रायफल कोणती द्यावी? उत्तर ऑस्ट्रियातून आले. त्या साम्राज्याच्या फौजेने १८८८-९० च्या सुमारास स्वीकारलेले मानलिखरचे ८×५० आर हे काडतूस होते. आठ मिलिमीटर म्हणजे ०.३१५ इंच, सबब .३१५ असे नवे नाव धारण करून ते बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. कारखान्याच्या रायफलींतून हिंदुस्थानात आले. ते ब्रिटिश लष्कराच्या कोणत्याही हत्यारात चालत नव्हते, एवढ्या एका गुणावर त्याची निवड झाली. ज्या साम्राज्याने ते निर्माण केले ते १९१८ साली लयाला गेले, ज्या साम्राज्याने ते आणविले तेही १९४७ साली येथून गेले; परंतु पिकांची राखण करणाऱ्याच्या परवान्यावर .३१५ बोअर अजून नांदत आहे, आणि आपल्याच सरकारी कारखान्यांत ती रायफल व तिची काडतुसे तयार होत आली आहेत.

स्वतंत्र भारताने १९५९ साली नवा शस्त्र-कायदा केला आणि तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. त्याच्या नियमांत निषिद्ध बोअरचे वर्णन करताना केवळ .३०३ आणि ७.६२ ही नावे देऊन थांबलेले नाहीत. त्या बोअरची लष्करी काडतुसे ज्या कोणत्या बंदुकीत बसू व उडू शकतील ती बंदूक, तिच्यावर आकडा कोणताही असो, निषिद्ध वर्गात घातलेली आहे. .४१० च्या मस्केटचीही तीच व्यवस्था केली आहे, कारण तुरुंगाच्या व पोलिसांच्या पहाऱ्यासाठी ईशापूरच्या शस्त्र-कारखान्यात .३०३ च्याच रायफली पोखरून ती तयार केली होती, आणि नावाने ती छर्ऱ्याच्या .४१० सारखी दिसली तरी काडतुसाने वेगळी होती. नावाची फसगत टाळण्याची ही दूरदृष्टी मला फार महत्त्वाची वाटते. १९०७ च्या हुकुमाने आकड्याला बंदी केली आणि कारखानदारांनी आकडा बदलला. १९६२ च्या नियमाने आकड्यामागील वस्तूकडे बोट दाखविले.

ही सावधगिरी कायदेपंडितांपुरती राहू नये. .३२ चे पिस्तूल आणि .३२ चे रिव्हॉल्व्हर यांच्या गोळीचा व्यास जवळजवळ एक असला तरी काडतुसे निराळी आहेत; तीच पिस्तुलाची गोळी दुसऱ्या पंचनाम्यात ७.६५ म्हणून नोंदली जाते, आणि वाचणाऱ्याला दोन शस्त्रे सापडल्याचा भास होतो. जप्तीच्या कागदावर .३१५ च्या जागी .३०३ पडले तर आरोपीवरील गुन्ह्याचा वर्गच बदलतो, आणि त्याच्या आयुष्यातील वर्षे त्या तीन अंकांवर ठरतात. म्हणून ज्याला हा आकडा लिहावा लागतो अशा अंमलदाराने, तो छापणाऱ्या वार्ताहराने आणि जुन्या दप्तरांतून तो उतरून घेणाऱ्या इतिहासाच्या अभ्यासकाने तीन गोष्टी विचारल्याखेरीज पुढे जाऊ नये: हा आकडा वजनाचा की लांबीचा, तो नळीचा की पुंगळीचा की गोळीचा, आणि या हत्यारात प्रत्यक्ष कोणते काडतूस बसते. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कारागिरांच्या इतिहासात सापडतात. तिसऱ्याचे उत्तर मिळाले म्हणजे ते हत्यार कोणाच्या हाती असावे असे राज्यकर्त्यांनी ठरविले होते, आणि कोणाच्या हाती ते जाऊ नये म्हणून त्यांनी काय काय केले, हेही त्याबरोबरच कळून येते.